वसतिगृहाच्या नियमातलं 'तत्काळ निष्कासन' : ठेवावं की काढावं?

मधुमालती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहांची मी रेक्टर आहे. मुलांचं आणि मुलींचं, दोन्ही माझ्याकडेच. गाव आणि कॉलेज सांगत नाही, समजून घ्या.

आमच्या नियमावलीत सतरावा नियम असा आहे : "वसतिगृहाच्या आवारात मद्य किंवा अमली पदार्थ बाळगणे, सेवन करणे अथवा अशा प्रकाराची माहिती लपवणे, यासाठी तत्काळ निष्कासन." प्रवेशाच्या वेळी मुलं आणि पालक दोघंही त्यावर सह्या करतात. संस्थेने यंदा नियमावली नव्याने लिहायला घेतली आहे आणि मसुदा करायचं काम माझ्याकडे आलंय. या सतराव्या नियमापाशी माझा हात अडतो. का अडतो ते सांगते.

गेल्या वर्षी सबमिशन संपल्याच्या रात्री, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी माझं दार वाजलं. पहिल्या वर्षाचा एक मुलगा उभा होता, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. म्हणाला, "मॅडम, तो उठत नाहीये." मी वर गेले. खोलीत पंखा पूर्ण वेगात, जमिनीवर निळी बादली, पिळलेल्या लिंबांच्या साली. कॉटवर तिसऱ्या वर्षाचा मुलगा उताणा पडलेला, अंगावर ओला टॉवेल. ओठ जांभळे. हात लावला तर गार. श्वास असा चाललेला की एक घेतला की पुढचा येतोय की नाही याची वाट बघायची. रिकाम्या क्वार्टर जर्नलच्या पानांत गुंडाळून कॉटखाली सरकवल्या होत्या. प्रॅक्टिकलचीच पानं, सरांच्या सहीसकट.

१०८ आली, दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मित्रांना विचारलं, "किती वाजल्यापासून असा आहे?" कोणीच उत्तर देईना. त्यांनी पुन्हा विचारलं. तिघं खाली बघत उभे. कारण तो एक वाजल्यापासून तसा होता. एक वाजता सांगितलं असं म्हणायचं तर तीन तास लपवलं हेही कबूल करायला लागणार, आणि लपवणाऱ्यालाही सतरावा नियम आहेच. शेवटी त्या पहिल्या वर्षाच्या मुलानेच सांगितलं.

मुलगा वाचला. चार दिवसांनी मी निष्कासनाच्या पाच पत्रांवर सह्या केल्या. पिणारा, सोबतचे तिघं, आणि पाचवं पत्र दार ठोठावणाऱ्याचं. तो प्यायला नव्हता, पण खोलीत होता, आणि त्याने "माहिती लपवली" होती. वडील रात्रीच्या एसटीने आले. ट्रंक आणि गादीची वळकटी घेऊन बापलेक फाटकाबाहेर पडताना मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. खाली जाऊन बोलायला हवं होतं. गेले नाही.

आता प्रश्न. दारूला मोकळीक द्या असं मी म्हणत नाहीये. पण जो नियम दार ठोठावणाऱ्यालाच बाहेर काढतो, तो पुढच्या वेळी काय करील? इथे शाळेतले, कारखान्यातले, परदेशातले सगळे लोक आहेत. तुमच्याकडे काय नियम आहेत, ते चालतात का, सविस्तर लिहा. मला खरोखर उपयोग होणार आहे.

---

रात्रपाळी

मधुमालतीताई, मी डॉक्टर आहे, आयसीयूत काम करतो. नियमाचं नंतर बोलू, आधी जीव वाचवण्यापुरतं लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी खोलीत हे घडणार आहे.

पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच राहते. म्हणून "आता झोपलाय, उतरेल सकाळी" हा समज फसवा. झोपल्यानंतर अवस्था बिघडू शकते. हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, अंग गार, ओठ-नखं निळसर, फिट, यातलं काहीही एक दिसलं तरी १०८. सगळं दिसायची वाट बघायची नाही.

उताणं कधीच ठेवायचं नाही. उलटी घशात जाऊन माणूस गुदमरतो. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे घ्या, तोंड किंचित खाली. लिंबूपाणी, मिठाचं पाणी, ताक, कॉफी, यातलं काहीही बेशुद्धाच्या तोंडात घालू नका. थंड पाण्याने आंघोळ घालू नका, अंग आधीच गार पडलेलं असतं. आणि एकटं सोडू नका. दारूबरोबर झोपेच्या गोळ्या किंवा आणखी काही घेतलंय का, हे डॉक्टरला खरं सांगा. आम्ही ते उपचारासाठी विचारतो.

तुमच्या त्या तिघांनी पंखा लावला, लिंबू पाजलं, ओला टॉवेल टाकला. जीव लावून केलं आणि सगळं चुकीचं केलं. कोणी शिकवलंच नव्हतं.

---

कल्याणची आई

मी असहमत आहे आणि ते स्पष्ट लिहिते.

माझा मुलगा दुसऱ्या एका शहरात शिकतो. त्याच्या खोलीत चौघं. त्यातले दोघं रोज रात्री गांजा ओढायचे. माझा मुलगा दीड महिना लायब्ररी बंद होईपर्यंत तिथे बसायचा, मग जिन्यात. त्याला दम्याचा त्रास आहे. वॉर्डनला सांगितलं तर "ॲडजस्ट करा" म्हणाले. त्याचं नाव फुटलं, मग त्याच्याशी कोणी बोलेना. शेवटी आम्ही बाहेर खोली घेऊन दिली, महिन्याला वरचे साडेपाच हजार.

सगळे पिणाऱ्याचं भविष्य बघतात. न पिणाऱ्याचं कोण बघतं? कडक नियम हवाच. तो राबवला असता तर माझं लेकरू जिन्यात बसलं नसतं.

---

पक्या_ओहायो

ताई, मी अमेरिकेत मास्टर्स करताना दोन वर्षं होस्टेलचा आरए होतो, म्हणजे मजल्यावर राहणारा विद्यार्थी-वॉर्डन. खोलीचं भाडं माफ, बदल्यात रात्रीची फेरी.

इथे पिण्याचं वय २१. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने ते देशभर सारखं झालं, राज्यांचा महामार्ग निधी कापण्याचा धाक दाखवून. म्हणजे होस्टेलमधली बहुतेक पोरं कायद्याने पिऊच शकत नाहीत आणि तरी पितात. आपल्याकडेही तेच. महाराष्ट्रात बिअर-वाईनला २१ आणि बाकी दारूला २५, शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कायदेशीर पिणारा सापडणं मुश्कील. त्यामुळे पिणं हे मुळातच चोरून.

१९८९ पासून इथल्या कॉलेजांवर कायदेशीर बंधन आहे की केंद्राचा पैसा हवा असेल तर दारू-ड्रग्जचं लेखी धोरण दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला आणि कर्मचाऱ्याला द्यायचं. त्यात नियम, शिक्षा, तब्येतीचे धोके आणि मदत कुठे मिळेल हे चारही हवं. आणि दर दोन वर्षांनी ते धोरण चालतंय का याचा लेखी आढावा घ्यायचा. हा आढावा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्या नियमावल्या एकदा छापल्या की प्राचार्य बदलले तरी त्याच चालतात.

आता तुमच्या प्रश्नाचं. इथे बऱ्याच विद्यापीठांत 'मेडिकल ॲम्नेस्टी' आहे. कॉर्नेलने २००२ मध्ये सुरू केली. मुद्दा सरळ आहे. बेशुद्ध पडलेल्यासाठी मदत बोलावली तर बोलावणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी बोलावली त्याच्यावर पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई नाही. मात्र नंतर समुपदेशकाकडे जावंच लागतं. तोडफोड, मारामारी, विक्री, लैंगिक अत्याचार यांना माफी नाही. कॉर्नेलने मागून तपासलं तेव्हा मदतीचे फोन वाढले होते, आणि पिणं त्यामुळे वाढलं असं दिसलं नाही.

माझ्या मजल्यावर एकदा मध्यरात्रीनंतर एका मुलीने दार वाजवलं. तिची रूममेट बाथरूमच्या फरशीवर होती. ॲम्ब्युलन्स आली. पुढच्या आठवड्यात दोघी समुपदेशकाकडे गेल्या, आणि सेमिस्टर संपेपर्यंत त्याच खोलीत राहिल्या. मे महिन्यात सामान हलवताना मीच त्यांना खोकी आणून दिली.

(इथे शिकायला येणाऱ्या मराठी पोरांसाठी अवांतर पण गरजेचं : इथल्या कित्येक राज्यांत गांजा दुकानात मिळतो म्हणून भुलू नका. केंद्राच्या कायद्यात तो बेकायदाच आहे, आणि व्हिसा केंद्राच्या हातात. दारू पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत.)

---

मधुमालती

रात्रपाळी सर, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा छापून मजल्यामजल्यावर लावते. परवानगी आहे असं धरते.

कल्याणची आई, तुमचं वाचून लाज वाटली, कारण "ॲडजस्ट करा" हे मीही कोणाला तरी म्हटलं असेल. तुमच्या मुलाचा मुद्दा मसुद्यात वेगळा यायलाच हवा. पण एक विचारते. तिथेही नियम कडकच होता ना? आमच्याइतकाच असणार. मला वाटतं शिक्षा इतकी मोठी होती म्हणूनच वॉर्डननी डोळेझाक केली. दोन पोरांचं वर्ष घालवायचं म्हणजे पालक येणार, ट्रस्टी फोन करणार. त्यापेक्षा "ॲडजस्ट करा". पहिल्या तक्रारीवर खोली बदलणं आणि लेखी समज एवढंच असतं तर कदाचित त्याच आठवड्यात झालं असतं.

---

कल्याणची आई

हे पटतंय थोडं. पण खोली त्या दोघांची बदलायची. तक्रार करणाऱ्याची नाही. हे नियमात लिहा.

---

मधुमालती

लिहिलं. आत्ताच.

---

चाकणची शिफ्ट

मी एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग काढतात तिथे, सेफ्टी बघतो. शाळा-कॉलेजचं मला कळत नाही, पण नियम आणि लपवाछपवी आमच्याकडेही तीच.

आमच्या गेटवर फुंकायचं यंत्र आहे. आकडा आला की आत नाही, हे बरोबरच आहे. दीडशे टनांच्या प्रेसवर हात आत गेला तर डाय त्याची वाट बघत नाही. प्रश्न त्यानंतरचा. कायम कामगार असेल तर चार्जशीट, चौकशी, युनियनचा माणूस शेजारी, दोन-चार दिवसांचं निलंबन. ठेकेदाराचा पोरगा असेल तर गेटपास काढून घेतात, संपलं. तीच दारू, तोच आकडा. म्हणून ठेकेदाराची पोरं काय करतात? एकाने दुसऱ्याच्या जागी फुंकायचं. गेटवर गर्दी असली की होतं ते. पकडलंय मी. आणि जो पिऊन आत गेला तो दिवसभर सुपरवायझरपासून लांब राहणार, चक्कर आली तरी सांगणार नाही.

बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट. कामावर अपघात झाला की नुकसानभरपाई मिळते, पण अपघात थेट नशेमुळे झाला असं ठरलं तर मालकाची जबाबदारी जाते. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरच ती राहते. १९२३ च्या कायद्यापासून आलेली तरतूद आहे. म्हणजे चार बोटं गेली आणि ती नशेमुळेच गेली असं ठरलं तर मालकाकडून घरी काहीच नाही. मी ट्रेनिंगला हे बायकांना बोलावून सांगतो. फॅमिली डे असतो ना, तेव्हा. हॉल एकदम शांत होतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एक बदल केला. शिफ्ट सुरू व्हायच्या आत स्वतः येऊन जो सांगेल की "आज मी नीट नाही", त्याची त्या दिवसाची रजा लागते, चार्जशीट नाही, ठेकेदाराचा असला तरी. वर्षात दोनदा. तिसऱ्यांदा डॉक्टरकडे पाठवणी. मॅनेजमेंट म्हणत होतं लोक गैरफायदा घेतील. पहिल्या वर्षी आलेली माणसं मी बोटांवर मोजली. पण त्यात एक असा होता जो नऊ वर्षं आमच्याकडे होता आणि कोणालाच पत्ता नव्हता. तो आज व्यसनमुक्तीतून परत येऊन स्टोअरला आहे. प्रेसवर परत घेतला नाही, ते त्यालाही मान्य आहे.

---

भुसावळकर

रेल्वेत लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. सर्वांचं वाचलं. माझं मत थोडं कडक आहे, राग मानू नये.

क्रू लॉबीत साइन ऑन करताना, म्हणजे ड्युटीवर हजेरी लावताना, श्वासाची तपासणी होते. माझ्यामागे हजार-दीड हजार माणसं झोपलेली असत. तिथे समुपदेशन वगैरे काही नाही, इंजिनावर चढायचं नाही म्हणजे नाही. रस्त्यावरच्या गाडीवाल्याला कायदा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत सूट देतो. आम्हाला तेवढीही नको, आणि ते योग्यच आहे. विमानातल्या लोकांना उड्डाणाआधी १२ तास थेंबही चालत नाही.

पण एक लक्षात घ्या. वैमानिक पहिल्यांदा सापडला तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, मग रद्द. म्हणजे जिथे शेकडो जीव टांगलेले आहेत तिथेसुद्धा पायऱ्या आहेत. पहिल्याच फटक्यात माणूस संपवत नाहीत. आणि मधुमालतीताई, तुमच्या होस्टेलमधलं पोर तर विमान चालवत नव्हतं, स्वतःच्या कॉटवर पडलं होतं.

अजून एक. खोकल्याचं औषध, माउथवॉश यांनीही यंत्र आकडा दाखवतं. चूळ भरून, पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला द्यायचं असतं. कोणी शाळा-कॉलेजात यंत्र आणायच्या विचारात असेल तर हे लेखी ठेवा. एका आकड्यावर पोराच्या कपाळी शिक्का बसायला नको.

---

तेंदूपान

मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. शेजारच्या चंद्रपूरला २०१५ मध्ये झाली, २०२१ मध्ये उठली. त्यामुळे कायदा एका बाजूला आणि माणूस एका बाजूला हे आम्ही रोज बघतो. बंदी हवीच या मताचा मी आहे, कारण गावातल्या बायांनी ती मागून घेतली, लढून टिकवली. पण बंदीच्या पुढचं काम करावंच लागते. २०१६ पासून इथे 'मुक्तिपथ' गावागावात ते करते, दारूसोबत तंबाखूचंही.

शाळेतला प्रश्न दारूपेक्षा खर्र्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा. पाचवीच्या पोराच्या खिशात पुडी सापडते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही, अठराच्या आतल्याला तर कुठेच विकायचा नाही, हा २००३ चा कायदा. आम्ही रस्त्यावर पिवळी रेघ मारली. टपरी रेघेच्या पलीकडे चार पावलं सरकली. मग ग्रामसभेत विषय घेतला तेव्हा कुठे पोरांना विकणं बंद झालं. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात मुलाला दारू, तंबाखू, नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. टपरीवाल्याला ते वाचून दाखवलं. म्हणजे कायदा पोराला नाही, देणाऱ्याला धरतो. शाळेचं धोरणही तसंच पाहिजे.

माझी चूक सांगतो. सातवीतला एक पोरगा सारखा रुमाल नाकाला लावायचा. मला वाटलं सर्दी. एक दिवस जवळ गेलो तर पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. मी तिथंच, चाळीस पोरांसमोर त्याचा रुमाल वर धरला आणि बोललो. जे नाही बोलायचं ते बोललो. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेतच नाही. घरी गेलो तर आई कामाला आंध्राकडे मिरची तोडायला गेलेली, बाप पीत बसलेला, पोरगा सायकलच्या दुकानात कामाला लागलेला. म्हणजे मी त्याला शाळेतून काढून थेट सोल्यूशनच्या डब्याशेजारी नेऊन बसवलं.

एम्सने २०१९ मध्ये देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. दारू, गांजा, अफू सगळ्यात मोठ्यांचं प्रमाण जास्त. हुंगायच्या पदार्थांतच मुलं पुढे, मुलांत १.७ टक्के तर मोठ्यांत ०.५८. व्हाइटनर, थिनर, सोल्यूशन. स्वस्त, आणि खिशात मावते. आमच्या नियमावलीत 'मद्य व अमली पदार्थ' असंच लिहिलेलं असते, त्यात सोल्यूशन येतच नाही.

त्या पोराला परत आणायला मला आठ महिने लागले.

---

सायली२२

मी शेवटच्या वर्षाला आहे, मुलींच्या होस्टेलला राहते. मधुमालती मॅडम, तुम्ही मुलींच्याही रेक्टर आहात म्हणून लिहिते.

आमच्यासाठी निष्कासन ही मोठी शिक्षा नाही. "घरी कळवू" ही आहे. मागच्या वर्षी आमच्या मजल्यावर एका मुलीकडे बिअरचा एक कॅन सापडला. तिच्या घरी फोन गेला. मामा आणि वडील येऊन घेऊन गेले. कॉलेजने तिला फक्त पंधरा दिवस निलंबित केलं होतं, पण ती परत आलीच नाही. दिवाळीनंतर लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. तिला आठ पॉइंट सात सीजीपीए होता.

मुलाच्या घरी तोच फोन गेला तर बाप शिव्या देतो आणि पोरगा सोमवारी वर्गात असतो. कागदावर नियम सारखा आहे. म्हणून वाटतं, घरी कळवायचं की नाही, कधी आणि कोणाला, हे त्या मुलीला विचारून ठरवावं. माझ्याबाबतीत विचाराल तर मी मावशीचा नंबर देईन, बाबांचा नाही.

---

पक्या_ओहायो

सायली, फार महत्त्वाचं लिहिलंस. इथे १९९८ च्या एका दुरुस्तीने २१ च्या आतल्या विद्यार्थ्याने दारू-ड्रग्जचा नियम मोडला तर कॉलेज पालकांना कळवू *शकतं*. कळवलंच पाहिजे असं नाही. कुठे पहिल्याच वेळी कळवतात, कुठे जीवावर बेतलं किंवा दुसऱ्यांदा घडलं तरच.

---

मांडवी

गोव्यातून. आमच्याकडे वय २१, आणि दारू कोपऱ्याकोपऱ्यावर. काजूच्या दिवसांत घरात फेणीचा वास असतो, मुलं ती बघतच वाढतात. म्हणून आमच्या कॉलेजात 'कोण प्यायला' यापेक्षा 'कोण पिऊन स्कूटर घेऊन गेला' याची धास्ती जास्त.

एक सूचना. तुमच्या नियमात 'वसतिगृहाच्या आवारात' असं आहे, आणि फाटक बहुधा साडेनऊ-दहाला बंद होत असेल. मग मुलं बाहेर पितात, उशीर होतो, फाटकावर वास येईल म्हणून आत येत नाहीत. मध्यरात्री कुठे जाणार? गाडीवर फिरत राहतात. माझ्या वर्गातला एक असाच गेला, रात्री दोन वाजता, पुलाच्या कठड्यावर. होस्टेल तिथून सातशे मीटरवर होतं. रात्री कधीही, कशाही अवस्थेत फाटक उघडेल आणि प्रश्न सकाळी विचारले जातील, एवढं लिहाच.

---

आजचा दिवस

मी दारुडा आहे. बारा वर्षं प्यायलेलो नाही. ओळख अशीच करून द्यायची सवय आहे, बैठकीत तशीच देतो.

मी आयटीत होतो. कंपनीच्या धोरणात लिहिलेलं होतं, ऑफिसात दारूबाबत शून्य सहनशीलता. आणि दर तिमाहीला टीमची पार्टी, कंपनीच्या खर्चाने, जेवणाच्या बिलापेक्षा बारचं बिल मोठं. जो पीत नाही तो 'टीम प्लेअर' नाही. मला पहिली दारू मित्रांनी पाजली, पण रोजची कामाच्या जागी लागली. कोणी जबरदस्ती केली नाही, ती माझी मीच लावून घेतली. एवढंच म्हणतो की ज्यांनी नियम लिहिला त्यांनीच टेबलावर ग्लास ठेवला होता. ज्या पार्टीला कंपनीचा पैसा जातो तिथे काय ठेवायचं, तेही धोरणातच यायला हवं.

मॅनेजरला कळलं तेव्हा त्याने मला वाचवण्यासाठी झाकलं. दोन वर्षं. माझे सोमवार त्याने 'वर्क फ्रॉम होम' लावले. चांगला माणूस. आज भेटला की त्याला वाईट वाटतं. एचआरला कळवलं तर नोकरी जाणार हे त्याला ठाऊक होतं, मधला रस्ताच नव्हता. शेवटी बायकोने पुण्याच्या मुक्तांगणला नेलं. १९८६ पासूनचं केंद्र, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं, पुलं-सुनीताबाईंच्या देणगीतून. ३५ दिवस राहिलो. सकाळी उठून स्वतःची गादी आवरायची, झाडू मारायचा. बावीस जणांच्या टीमचा लीड होतो मी, आणि चादरीची घडी घालता येत नव्हती, हात इतके थरथरायचे.

रेक्टरबाई, एक धोक्याची गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून एक थेंब नाही" म्हणून खोलीत बसवू नका. एकदम तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीव जाऊ शकतो. मला दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजार म्हणून धरल्या आहेत. हा कागद ट्रस्टींपुढे ठेवा, कामाला येईल.

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, च्या बैठकीला पैसे लागत नाहीत, नाव-गाव लागत नाही.

---

खडकवासला

वकिलीच्या बाजूने थोडं. ताई, गांजा-चरस-एमडीच्या बाबतीत तुम्ही दारूसारखं ढिलं धरू शकत नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या २५ व्या कलमात आपल्या ताब्यातल्या जागेत असा गुन्हा *माहीत असून* होऊ देणाराही अडकतो. म्हणजे "मला कळलं पण मी गप्प बसले" हे रेक्टरला परवडणारं नाही. विक्री दिसली की पोलीस, तिथे चर्चा नको.

पण त्याच कायद्यात ६४-अ कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायची तयारी दाखवली आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाऊ शकते. देशातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी एक आहे हा, आणि त्यातसुद्धा हे दार ठेवलंय. तुमच्या ट्रस्टींना सांगा की वसतिगृहाची नियमावली एनडीपीएसपेक्षा कडक असायचं कारण नाही.

आणि ज्युनिअरला जबरदस्तीने पाजणं ही रॅगिंगच आहे. त्याला १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा लागतो. ते माफीत घालू नका.

---

मधुमालती

चार दिवस उत्तर दिलं नाही, मसुदा करत होते. सगळ्यांचं वाचून जे उतरलं ते थोडक्यात लिहिते, चुका काढा.

'तत्काळ निष्कासन' हे शब्द काढले. मदतीसाठी दार वाजवणारा, फोन करणारा आणि ज्याच्यासाठी केला तो, यांच्यावर त्या रात्रीच्या पिण्याबद्दल कारवाई नाही. आठ दिवसांत समुपदेशकाची भेट सक्तीची. फाटक रात्रभर उघडेल, विचारपूस सकाळी. त्रास देणाऱ्याची खोली बदलेल, तक्रारदाराची नाही, आणि तीन दिवसांच्या आत. विकणं, पाजणं, मारहाण यांना माफी नाही, ते थेट पोलिसांत. 'नशेचे पदार्थ' यात सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवायच्या गोळ्या शब्दांनी लिहिल्या. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाने 'विश्वासाच्या मोठ्या माणसाचं' नाव द्यायचं, ते पालकच असायला पाहिजे असं नाही. जीवावर बेतलं तर मात्र घरी कळवणारच. कर्मचाऱ्यांनाही हेच नियम. गेल्या वर्षी आमचा एक वॉचमन पिऊन सापडला तेव्हा त्याला त्याच रात्री काढलं होतं, त्याचाही विचार व्हायला हवा होता. दर दोन वर्षांनी मुलांसह आढावा.

प्राचार्यांनी फाटकाच्या ओळीभोवती लाल गोल केलाय. म्हणाले, पालक विचारतील, मुलं रात्री दोनला पिऊन आली तर तुम्ही दार उघडता? मी मांडवी यांचा प्रतिसाद छापून दिला. त्यांनी वाचला, काही बोलले नाहीत, कागद ठेवून घेतला.

आणखी एक केलं, जे आधीच करायला हवं होतं. त्या पहिल्या वर्षाच्या मुलाला फोन केला. आता दुसऱ्या वर्षाला आहे, गावात कॉट बेसिसवर राहतो. त्याची माफी मागितली आणि मसुदा वाचायला बोलावलं. रविवारी आला. ऑफिसातल्या बाकावर बसून सगळी पानं वाचली, बोट ठेवत, सावकाश. मी चहा मागवला, तो गार झाला. वाचून झाल्यावर विचारलं, "काही बदलायचं आहे का रे?"

म्हणाला, "नियम ठीक आहे मॅडम. पण त्या रात्री मी आधी तुम्हाला तीन फोन केले होते. तुमचा फोन रात्री सायलेंटवर असतो का?"

असायचा. आता नसतो. रात्रीचा नंबर प्रत्येक खोलीच्या दाराला आतून चिकटवलाय, १०८ च्या खाली. ट्रस्टींची बैठक गुरुवारी आहे. त्याच्या निष्कासनाचं पत्र मागे घ्यायचा अर्जही मी त्याच बैठकीला ठेवलाय. काय होतं ते इथेच लिहीन.